सोलापूर बसेल असं एक गाणं सुचवा (भाचीचं संगीत कोल्हापुरात आहे)

चाटीगल्लीतला मामा

मंडळी, अडचणीत आहे. भाचीचं लग्न ठरलं. मुलगा कोल्हापूरचा, लग्नही तिकडंच, आणि आदल्या रात्री संगीत. आमच्या वेळी आदल्या रात्री मेंदी आणि वरणभात असायचा, आता संगीत असतं आणि दोन्ही बाजूंनी नाचायचं असतं. त्यांच्याकडून गाण्यांची यादी आली ती वाचून मी गल्ल्यावर बसल्या जागी गार झालो. सात गाणी, साती गाण्यांत कोल्हापूर. कुठं मिरची, कुठं चप्पल, कुठं साज, एका गाण्यात तर नुसता तांबडा रस्सा. ताईचा फोन आला, "तू दिवसभर दुकानात गाणी ऐकतोस, सोलापूरचं नाव असलेलं एक तरी काढ." म्हटलं काढतो की, त्यात काय एवढं.

आज नववा दिवस.

माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुकानातल्या पोराचा मोबाईल सकाळी दहाला सुरू होतो तो शटर पडेपर्यंत. वीस-बावीस वर्षं गाणी कानावरून गेली, मी फक्त चालीवर मान हलवली. या नऊ दिवसांत पहिल्यांदा वही घेऊन शब्द ऐकले आणि पोराला म्हटलं, "बे, ही माणसं बोलतात काय!"

वरातीतलं गाणं घ्या. पहिल्या ओळीत पोरगी, दुसरीत बुलेट, तिसरीत गळ्यातली चेन, चौथीत पुन्हा पहिली ओळ, कारण तोवर माल संपलेला असतो. मधल्या जागेत एक जण नुसता "हे" म्हणतो. त्या "हे"चे त्याला वेगळे पैसे मिळत असतील तर माझी हरकत नाही.

लावणी घ्या. तिथं राया नावाचा एक माणूस असतो. त्याचं आडनाव काय, धंदा काय, महिन्याला सुटतं किती, काही कळत नाही. पण त्याच्याकडं मागणी बघा. पैठणी, बनारसी शालू, जरीची चोळी, नथ, वर साज. आमच्या गल्लीत बस्ता बांधायला माणसं येतात त्यांची यादी याहून लहान असते, आणि सोबत घासाघीस करायला एक आत्या असते. रायाबरोबर आत्या नाही. आणि एवढ्या याद्यांत, मी अगदी कान देऊन ऐकलं, एकीनंही टॉवेल मागितलेला नाही. अंघोळी करतच नाहीत का?

मग हिंदीकडं वळलो. १९९८ च्या 'गुलाम'मधलं ते खंडाळ्याचं गाणं. तो म्हणतो येतेस का, ती म्हणते येऊन करू काय, तो म्हणतो फिरू, नाचू, गाऊ. झालं. गाडी कुठली, उतरायचं कुठं, परत कधी, एक माहिती नाही. आमच्या माणसाला खंडाळा म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पहाटे जिथं थंडीनं जाग येते ते ठिकाण. त्या वेळी अंगावर काय असतं? आपलीच चादर. म्हणजे खंडाळ्याच्या गाण्यातसुद्धा खरं काम सोलापूर करतं, नाव मात्र येत नाही.

तर प्रश्न साधा आहे. सोलापूरचं नाव असलेलं, नाचता येईल असं, व्याह्यांसमोर मान खाली जाणार नाही असं गाणं कुणाला ठाऊक आहे का? आणि नसेल तर का नाही? मला वाटतं आपलं नावच चालीत बसत नसावं.

मात्रामोजे

चालीत बसत नाही हे चूक. सो-ला-पू-र म्हणजे दोन, दोन, दोन, एक. सात मात्रा. को-ल्हा-पू-र म्हणजेही दोन, दोन, दोन, एक. सातच. ज्या ज्या गाण्यात कोल्हापूर आहे त्यात त्याच जागी सोलापूर घाला, तबल्याला पत्तासुद्धा लागणार नाही. नागपूर सहा मात्रांचं, लातूर पाच. त्यांनी तक्रार केली तर एक वेळ समजू शकतो.

खरी अडचण उपमेची आहे. गीतकार गावाकडं कशाला जातो? नायिकेला त्या गावचं काहीतरी चिकटवायला. कोल्हापूरला गेला की मिरची मिळते, काम दोन मिनिटांत होतं. सोलापूरला आला की चादर. आता सोळा वर्षांच्या पोरीला "तू चादर आहेस" म्हणून कोण नाचवणार?

चाटीगल्लीतला मामा

मात्रामोजे, मात्रांचं पटलं. वहीत लिहून चारदा बोटं मोजली.

पण चादरीचं नाही पटलं. सोलापुरी चादर म्हणजे काय? वजनाला भरते, धुतली की मऊ होते, रंग धरून राहते, हिवाळ्यात पांघरायला, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला, प्रवासात उशी, दुखण्यात आधार. हे सगळं माझ्या बायकोला लागू पडतं. तिला मी हे बोलून दाखवलं. दोन दिवस शेंगाचटणी आणि कडक भाकरी यापलीकडं ताटात काही आलं नाही, पण मुद्दा बरोबर आहे. चादर ही लग्नाला तीस वर्षं झाल्यावरची उपमा आहे आणि गाणी सगळी लग्नाच्या आधीची. तीस वर्षं झालेल्यांवर कुणी गाणं करतंय का बघा.

माहेर दक्षिण कसबा

मामा, मी हल्ली पुण्यात असते, पण तुमचं वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले.

तुम्ही बरेलीचं उदाहरण विसरलात. १९६६ च्या 'मेरा साया'मध्ये बरेलीच्या बाजारात एकीचा झुमका पडला. आजतागायत सापडलेला नाही. पण २०२० मध्ये त्या गावानं वेशीजवळच्या रस्त्यावर भलामोठा झुमका उभा केला! लोक तिथं थांबून फोटो काढतात. एक कानातलं हरवलं आणि गावाचं नाव झालं. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेलला आहे, डाळिंबाला आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीलासुद्धा आहे. सरकारी कागदावर आपण चार ठिकाणी आहोत आणि गाण्यात एकाही ठिकाणी नाही. आपल्याकडं कुणी काही हरवतच नाही का?

चाटीगल्लीतला मामा

हरवतात की. माझ्याच दुकानात वर्षाला दहा-बारा छत्र्या, चार-पाच चष्मे, एकदा दाताची कवळी. पण आम्ही काय करतो, उचलून गल्ल्याशेजारी ठेवतो. चार दिवसांनी बाई येते, "भाऊ, माझं कानातलं राहिलं होतं का हो," आपण काढून देतो, ती चहा नको म्हणते, आपण आणवतो. यात गाणं कुठं बसायचं? त्या बरेलीच्या बाजारात एक सरळ दुकानदार असता तर ते गाणं पहिल्या कडव्यातच संपलं असतं.

बार्शीचे निवृत्त मास्तर

चर्चा वाचली. विनोद ठीक आहे, परंतु आपण शहर आणि जिल्हा यांत गल्लत करत आहात.

पंढरपूर कोणत्या जिल्ह्यात येते? सोलापूर. सातशे वर्षे महाराष्ट्र ज्या गावाची गाणी म्हणतो आहे ते गाव आपल्या जिल्ह्यात आहे. चोखोबांची समाधी पंढरपुरात, कान्होपात्रा मंगळवेढ्याची, सावता माळी माढा तालुक्यातल्या अरणचे. कांदा, मुळा आणि भाजीत विठाई पाहणारा अभंग आपल्या जिल्ह्यातल्या मळ्यात झाला. कोल्हापूरच्या मिरचीवर सातशे वर्षांनी कोणी दिंडी काढील काय?

शहराचेच म्हणाल तर सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत, ती शोधावी लागतील. शाहीर राम जोशी सोलापूरचे. त्यांची 'सुंदरा मनामध्ये भरली' आजही म्हटली जाते. त्यांच्यावर १९४७ साली चित्रपटही निघाला. आणि आपण ज्या रायाची चेष्टा केलीत, त्याच्याकडे अत्तराचा फाया मागणारे ते प्रसिद्ध गीत कवी संजीव यांचे, म्हणजे आपल्या सोलापूरच्याच कवीचे. तेव्हा आधी घरातले पाहावे, मग बाहेर हिंडावे.

चाटीगल्लीतला मामा

मास्तर, नमस्कार करतो आणि कान पकडतो. पण तुमच्या उत्तरानं माझं दुःख वाढलं.

राम जोशींची लावणी पोराला लावायला लावली. भरली, ठरली, शिरली, काय यमकं आहेत! जीभ घसरगुंडीवर बसल्यासारखी. पण ती सुंदरा हवेलीत शिरते. कुणाच्या? कुठल्या पेठेतल्या? सोलापूरचा शाहीर, त्यानं "बाळीवेशीतल्या" एवढं जरी म्हटलं असतं तरी आज माझं काम झालं असतं. आणि संजीवांनी तर कमालच केली. सोलापूरचा कवी, आजूबाजूला मागांचा खडखडाट, आणि बाई रायाकडं मागते काय, अत्तर! याला म्हणतात घरचा आहेर.

सावतोबांचं मात्र मनात राहिलं. इतक्या गाण्यांत भाजीपाला ऐकला, पण कांद्यामुळ्याकडं बघून बाई न आठवता देव आठवला असा हा एकच माणूस. बाकीच्यांना मिरची दिसली की लगेच कंबर दिसते.

अभंगावर नाचायचं म्हणाल तर आमची आई तयार आहे, फुगडीसकट. नवरीच्या मैत्रिणी नाहीत.

अशोक चौकातला

ओ मामा, मी काय म्हणतो, शब्द ऐकतंय कोण? आमच्या आजोबांचे माग होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मागाच्या शेडमध्ये हिंदी गाणी. बारा माग एकदम चालू असले की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही, तर रेडिओ काय कळणार. तरी रेडिओ चालूच असायचा. आजोबा तोंड हलवायचे, आम्हाला वाटायचं गातायत. एकदा वीज गेली, माग थांबले आणि तेव्हा कळलं की आजोबा दोन वर्षं शेजारच्या मागवाल्याला शिव्या देत होते, त्या पण चालीत.

ऐकू न आलेल्या जागी आपण आपलं काहीतरी घालतो ना, आमचं सगळं तसंच. गणपतीच्या आरतीतलं "फणिवरबंधना" आमच्या चाळीत सगळे "फळीवर वंदना" म्हणायचे. हा विनोद सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण आमच्याकडं तो विनोद नव्हता. देव खरंच फळीवर होते. खाली जागाच नव्हती.

आणि 'सैराट' कसं विसरलाव? २०१६. आपला करमाळा, आपली भाषा, विहिरीत उडी आपल्या तालुक्यातली. व्हायोलिनं मात्र अमेरिकेत जाऊन वाजवून आणली. आमच्या आजोबांना दाखवलं तर म्हणाले, एवढ्या लांब कशाला गेले, इथं दोन माग लावले असते तर ठेका मिळाला असता.

माझं ऐका, गाणं हुडकू नका. घरीच विणा.

माहेर दक्षिण कसबा

+१. विणा! आणि त्यात पाण्याचं घालाच. गाण्यातल्या बायका रोज सकाळी घागर घेऊन कुठं जातात हो? आमच्या आईला चार-पाच दिवसांनी नळ यायचा, तोही कधी रात्री दोनला. तिनं कंबरेवर घागर घेऊन मुरकायचं म्हटलं असतं तर बाकीचा हंडा-कळशी कोण भरणार? घागरीवर गाणं लिहिणाऱ्यानं एकदा नळाची वेळ पाळून दाखवावी.

चाटीगल्लीतला मामा

बसलो लिहायला. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर त्रेचाळीस डिग्री, पोरगं पंख्याखाली झोपलेलं. पहिला अनुभव सांगतो: यमक हा फार वाईट प्राणी आहे. चादरला आदर आला, सादर आला, नंतर फादर आला आणि मी वही मिटली. हुरड्याला तर एकच यमक मिळालं, मुरडा. अर्थही जुळत होता, जास्त खाल्ला तर होतोच. भाचीला फोनवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, माझं लग्न आहे."

आता गीतकारांबद्दल जरा कमी बोलीन. तो चौथ्या ओळीत पुन्हा पहिली का म्हणतो ते मला काल साडेतीन वाजता कळलं.

तरी हे जमलंय. बघा:

चप्पल तुमची कोल्हापूरची दारामध्ये राहिली
चादर आमची सोलापूरची पलंगावर पोचली

मात्रामोजे

मामा!! पहिल्या ओळीला टाळी. पण दुरुस्त्या लागतील. "कोल्हापूरची" आणि "सोलापूरची" यातला पू ऱ्हस्व करा, नाहीतर दोन्हीकडं एकेक मात्रा सांडते. "आमची" पाच मात्रांचं, तिथं "अमुची" घ्या. "पलंगावर" सातचं, ते "पलंगावरी" केलं की आठ होतात आणि ओळ तोलात येते:

चप्पल तुमची कोल्हापुरची दारामध्ये राहिली
चादर अमुची सोलापुरची पलंगावरी पोचली

सोळा आणि तेरा. आता म्हणून बघा.

चाटीगल्लीतला मामा

म्हणून बघितलं. पोरगं झोपेतून उठून ताल धरायला लागलं. "अमुची" ऐकून मात्र विचारलं, "ही कोण?"

त्याच्यावर आणखी एक बसवलं, या वेळी मात्रा मोजून:

मिरची तुमची खाता व्याही डोळां आले पाणी
चटणी अमुची शेंगांची घ्या, म्हणा सुखाने गाणी

नळाचंही एक कडवं होतं. त्यांच्या दाराशी पंचगंगा आणि आमच्याकडं पाचव्या दिवशीचं पाणी, असं. ताईनं काढायला लावलं. म्हणाली, लग्नाआधी असलं काही सांगू नये, पोरगी माहेरी आली की जावई अंघोळीचं विचारतील.

बार्शीचे निवृत्त मास्तर

"डोळां आले पाणी" उत्तम. अनुस्वार दिलात हे पाहून बरे वाटले. कार्यक्रम कसा झाला ते अवश्य कळवावे.

चाटीगल्लीतला मामा

मास्तर, कळवतो. उशीर झाला, लग्नाच्या गडबडीत होतो.

त्यांची सातही गाणी झाली. पोरं चांगली नाचली, खोटं कशाला बोलू. मिरची आली तेव्हा त्यांच्या एका काकूंनी अशी गिरकी घेतली की आमच्या दाजींनी उठून शिट्टी मारली आणि ताईनं त्यांना बसवलं. मग आमची पाळी. डीजेवाला म्हणाला, ट्रॅक द्या. ट्रॅक कुठला? अशोक चौकातल्या भाऊंचा सल्ला आठवला. जेवणाच्या हॉलमधून दोन स्टीलची ताटं आणि एक डाव आणला, भाच्यानं मागासारखा खटाक-खट ठेका धरला. आमची अकरा माणसं, मधोमध आई. माझा आवाज पहिल्या ओळीला फाटला. पण "पलंगावरी पोचली" म्हटल्यावर आधी एक सेकंद सगळं चिडीचूप, आणि मग त्यांच्या बाजूचे म्हातारे हसायला लागले ते थांबेचनात. नवरी लाजून आत पळाली. भाचीच्या सासऱ्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी तेच आमच्या ओळीत येऊन उभे राहिले आणि आपल्याच चपलेवर टाळ्या घेतल्या. मोठा दिलदार माणूस.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मी मामा, भाचीला धरून बोहल्यापर्यंत नेलं, अंतरपाटाशी डोळे पुसले, ते सगळं रीतीप्रमाणं. बाहेर आलो आणि बघतो तर कार्यालयाच्या दारातून माझी चप्पल गायब. मेव्हण्या-मेव्हण्यांचा खेळ असेल म्हणून तासभर वाट बघितली. कुणीच पैसे मागायला येईना. खरंच गेली होती.

अनवाणी उभा होतो, पाय भाजत होते. सासरेबुवा आले, माझ्या पायांकडं बघितलं, काही बोलले नाहीत, गाडीत बसवून बाजारात नेलं आणि नवी कोरी कोल्हापुरी घेऊन दिली. पैसे देताना हळूच गुणगुणत होते, "दारामध्ये राहिली."

चप्पल नवी आहे, करकर वाजते. आज दुकानात आलो तर पोरगं मोबाईल बंद करून ऐकत बसलं. बरेलीवाल्या ताई, कोल्हापूरच्या बाजारी माझी चप्पल पडली, सापडलेली नाही. तुमच्याकडं कुणी गीतकार असेल तर सांगा. मात्रा मोजून ठेवल्यात.